बिनतारी ब्रेक

बाळ आगाशे स्वतःच्याच गाडीच्या मागच्या बंपरखाली उताणे पडले होते. कॅनडातल्या सस्काटूनमध्ये बारा हिवाळे बर्फासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाने खाल्लेला पत्रा जरा हात लागला की भुगा होऊन नाकावर पडत होता. काळी तार बॅटरीकडून आलेली. पांढरी तार गाडीच्या सांगाड्याला. मॅन्युअल त्यांनी छातीवर ठेवलं होतं. तीनदा वाचून झालं होतं, तरी चौथ्यांदा बघितल्याशिवाय त्यांचा हात स्क्रूला लागेना.

"बाबा, इट्स अ वायरलेस ब्रेक कंट्रोलर," जावई नील गॅरेजच्या दारातून म्हणाला. "देन व्हाय सो मेनी वायर्स?" त्याला मराठी कळायचं, बोलायचा मात्र इंग्रजीच.

"वायरलेस आहे ती ट्रेलरवरची पेटी," आगाशे खालून म्हणाले. "ती तुझ्या फोनशी बोलणार. पण तिला करंट कोण देणार? आणि तू इकडे पेडल दाबलंस हे तिला कळणार कसं? बिनतारी ब्रेकसाठी अठरा फूट तार लागली बघ." मग आपण फार शिकवतोय असं वाटून ते ओशाळले. "म्हणजे, असं मॅन्युअलमध्ये लिहिलंय."

नील हसत बाहेर ड्राइव्हवेवर ट्रेलरकडे गेला. ट्रेलर त्याचा आणि देवयानीचा. पण त्यांची गाडी लहान, तिला तो ओढवेना. म्हणून यांची गाडी. आगाशांना त्याचं काहीच वाटलं नव्हतं. उलट या वयात कुणीतरी आपल्याला काम सांगितलं, आणि तेही जॅस्परच्या डोंगरातल्या सहलीचं, या आनंदात ते दोन आठवडे गाडीखाली शिरत होते. वाटेत केया आणि आरव या नातवंडांना दाखवायच्या पक्ष्यांची यादीसुद्धा त्यांनी करून ठेवली होती. मुलांना पक्षी आवडतात की नाही, हे विचारायचं मात्र धाडस झालं नव्हतं.

गाडीखालून त्यांना माणसांचे फक्त पाय दिसत. आता देवयानीचे बूट आले आणि चाकापाशी थांबले. मागोमाग बायकोच्या, मृणालिनीच्या सपाता.

"बाबा, चहा ठेवलाय वर्कबेंचवर," देवयानी म्हणाली. वडिलांशी ती आठवणीने मराठी बोलायची. "आम्ही नऊ तारखेला निघतो. त्याच्या आधी डन होईल ना?"

आगाशे गाडीखाली हसले. "आपण."

"हं?"

"आम्ही नाही, आपण. ज्याच्याशी बोलतेस तो बरोबर असला की आपण. त्याला सोडून जायचं असेल तर आम्ही. सात वर्षांची होतीस तेव्हापासून सांगतोय." एरवी यावर ती 'व्हॉटेव्हर, बाबा' म्हणायची. आज बुटाचं टोक नुसतं फरशीवर घासलं. "म्हण बघू, देवू. आपण नऊ तारखेला..."

बूट वळले. सपातांच्या दिशेने.

"अहो," मृणालिनी म्हणाली, "तिचं चुकलेलं नाही."

बाहेर नील ट्रेलरची साखळी अडकवत होता, तिचा तेवढा आवाज.

मार्चपासून देवयानी फोनवर सांगत होती, 'वी आर गोइंग टू जॅस्पर, बाबा.' इंग्रजीत वी एकच. त्याचं मराठी आगाशांनी मनातल्या मनात करून टाकलं होतं. घरच्या घरी कोण विचारतं, की बाई, तुझ्या त्या 'वी'मध्ये मी आहे का?

"तू?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मला मुलांसाठी जावं लागणार. ही दोघं हाइकला गेली की त्यांच्याजवळ कोण थांबणार?"

"बाबा, ट्रेलर इतका स्मॉल आहे," देवयानी घाईघाईने म्हणाली. "आणि तुम्हाला रात्री चार-चारदा वॉशरूमला लागतं. अंधारात पडलात बिडलात तर? इट्स ओन्ली टेन डेज."

"खरं आहे," आगाशे म्हणाले. खरंच होतं ते. "कधी ठरलं?"

सपाता जागच्या जागी हलल्या.

"मेमध्ये," मृणालिनी म्हणाली.

तार किती लागेल ते त्यांनी जूनमध्ये मोजलं होतं. बॅटरीपासून बंपरपर्यंत. मोजपट्टीचं दुसरं टोक मृणालिनीनेच धरलं होतं. 'नीट ताणून धरा हो, मागाहून कमी पडायला नको,' असंही म्हणाली होती.

"आज सांगणारच होते," ती आता म्हणाली. "हे काम एकदा पार पडलं, की."

आगाशांनी हातातला स्क्रू बोटांत फिरवला. त्याचा आटा लागत नव्हता.

नील ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसला. गाडी त्यांच्या अंगावर किंचित दबली. "बाबा! फोन इज पेअर्ड! शुड आय ट्राय द ब्रेक?"

"थांब," आगाशे म्हणाले. त्यांनी स्क्रू पुन्हा भोकाला लावला. "थांब जरा. पांढरी तार अजून पक्की नाही. ती सुटली तर घाटात ब्रेक लागायचे नाहीत. मुलं आहेत बरोबर."

देवयानीचे बूट हळूहळू मागे सरले, आणि घराच्या दाराकडे गेले. सपाता तिथेच राहिल्या. मग गुडघ्यावर हात टेकत, कण्हत मृणालिनी खाली बसली, वाकली, आणि फोनचा टॉर्च लावून तिने हात गाडीखाली घातला.

"दिसतंय का तुम्हाला?"

आगाशांनी मान पलीकडे वळवली.

"उजेड तारेवर धर," ते म्हणाले. "माझ्या तोंडावर नको."