कॉपीराइटची पीडा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काजल महाल भागात मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक मोबाइलवर टिपत होती. तेवढ्यात मागच्या डीजेवर सिनेमातलं गाणं सुरू झालं आणि तिचा चेहराच पडला.

“काहून वं, काय झालं?” वच्छलाकाकूंनी विचारलं.

“गाण्याच्या कॉपीराइटची अजून एक तक्रार आली, तर माझं चॅनलच बंद होते, काकू.”

काकूंना कॉपीराइट काही कळला नाही, पण नकोशी पीडा कोणासोबत धाडायची ते ठाऊक होतं. त्यांनी पदर खोचला आणि डीजेच्या वरताण आवाज काढला, “खोकला, ताप, कॉपीराइट घेऊन जा गे मारबत!”

बघता बघता अख्खी गल्ली तेच ओरडायला लागली.

घरी येऊन काजलने कान देऊन व्हिडिओ ऐकला. गल्लीच्या ओरडण्यात गाणं कुठेच ऐकू येत नव्हतं. मारबत खरंच घेऊन गेली होती.