रडारवरचा चिखल

ग्लेनिस गाडीच्या नाकापुढे उकिडवी बसली, तेव्हा एरल ट्रँटर उगाच आभाळाकडे बघू लागला. आभाळात बघण्यासारखं काही नव्हतं. फेब्रुवारीपासून वॉराबिनच्या आसपास थेंब पडला नव्हता.

महिन्यातली ही चौथी खेप. ‘समोरचं रडार झाकलं गेलं आहे’ असं गाडीच्या पडद्यावर उमटायचं, आणि एरल नव्वद किलोमीटर तुडवत ग्लेनिसच्या गॅरेजात हजर व्हायचा. पहिल्या खेपेला दुखणं खरं होतं. टोळधाड आली की रेडिएटर वाचवायला गाडीच्या तोंडावर जाळी बांधायची, ही इकडची जुनी रीत. बाप बांधायचा, म्हणून यानेही बांधली. गाडीच्या नाकावरच्या कंपनीच्या बिल्ल्यामागे रडार असतं आणि जाळीआड ते आंधळं होतं, हे बापाच्या जमान्यात कुणाला ठाऊक असणार? ग्लेनिसने जाळीला तळहाताएवढी खिडकी कापून दिली, चहा पाजला, आणि तिच्या बापाने एकदा ट्रॅक्टर तळ्यात घातला होता त्यावरून दोघं तासभर हसली. घरी परतल्यावर एरलच्या लक्षात आलं, की आपण अकरा दिवसांनी कुणाशी तरी बोललो.

दुसऱ्या खेपेला त्या खिडकीत टोळांचा चिकटा होता. तिसऱ्या खेपेला चिखल. आजही चिखलच.

ग्लेनिसने बिल्ल्यावरचा लाल चिखल नखाने खरवडला आणि बोटावर घेऊन उजेडात धरला.

“पाऊस झाला वाटतं तुमच्याकडे,” ती म्हणाली.

“शिंतोडा.”

“चहाचा?”

तिच्या बोटावर चहाची पत्ती होती. सकाळी किटलीतल्या उरल्या चहात मूठभर माती कालवताना एरलला चहा गाळून घ्यायचं सुचलं नव्हतं. सत्तर वर्षं इमानाने घालवलेल्या माणसाला लबाडी अशी एकदम कुठून जमणार?

ग्लेनिस हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. काल नरेलचा फोन आला होता, एवढंच तिने सांगितलं.

नरेल म्हणजे एरलची मुलगी, ब्रिस्बेनला असते. आई गेल्यावर तिने बापाला शेतावर एकटं राहू दिलं ते एकाच अटीवर: रडारच्या जोरावर आपोआप ब्रेक लावणारी, पुढच्या गाडीपासून अंतर राखणारी ही नवी गाडीच चालवायची. ते सगळं चालेनासं झालं, की शेत विकायचं आणि बापाने मुकाट ब्रिस्बेनला यायचं. गाडीची प्रत्येक सूचना तिच्याही फोनवर जायची; महिन्यात तीन वेळा गॅरेज म्हणजे काय भानगड, हे तिने ग्लेनिसला सरळच विचारलं होतं.

ज्या घरात एकट्याला राहवत नव्हतं, तेच आता सुटेल म्हणून एरल घाबरला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“मी काय सांगू तिला?” ग्लेनिसने विचारलं. “गाडी बिघडलीये म्हणू, की धडधाकट आहे म्हणू?”

“धडधाकट आहे म्हण.”

“मग विचारेल, बाबा दर मंगळवारी येतात कशाला?”

एरलने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. “सांग, म्हाताऱ्याला नीट पुसता येत नव्हतं. आता शिकवलंय.”

मग खोटं पडू नये म्हणून तिने खरंच शिकवलं. मऊ फडकं ओलं करायचं, घासायचं नाही, बिल्ल्यावर काही चिकटवायचं नाही, निघण्याआधी रोज एक हात फिरवायचा. एरल शाळेतल्या पोरासारखा मान डोलवत होता. बिल्ला लखलखीत झाला. पडद्यावरची सूचना गेली.

“आता मंगळवारी या,” फडकं त्याच्या हातात देत ग्लेनिस म्हणाली. “नाक पुसून या गाडीचं. चहा घेऊ.”

“काम काय?”

“काही नाही.”

“काम नसताना?” त्याने असं विचारलं, की जणू तिने विजार न घालता यायला सांगितलं होतं. इकडे माणूस दुसऱ्याच्या दारात जातो तो हातात काहीतरी मोडलेलं घेऊन, नाहीतर उसनं नेलेलं परत करायला. नुसता गेलेला एरलने कुणी पाहिला नव्हता, आणि स्वतः तो कधी गेला नव्हता.

“बघतो, पोरी,” तो म्हणाला. ‘बघतो’ म्हणजे नाही, हे ग्लेनिसलाही कळत होतं.

रस्ता नेहमीसारखा सरळ आणि मोकळा. चाळीसेक किलोमीटर गेल्यावर पडद्यावर एका गाडीचं इवलंसं चित्र उमटलं. समोर धान्याचा ट्रक होता, निवांत ऐंशीने चाललेला. एरलच्या गाडीने आपणहून वेग उतरवला, अंतर राखलं आणि ती ट्रकच्या मागोमाग चालू लागली. रडार नीट चालत होतं.

समोरून क्षितिजापर्यंत काही येत नव्हतं. ट्रकवाल्याने हात बाहेर काढून ‘जा पुढे’ अशी खूण केली. थोड्या वेळाने परत केली. एरलने स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून त्याला सलाम केला आणि मागेच राहिला.

डावीकडे त्याच्या शेताचं फाटक आलं. एरलने वळायचा दिवा लावला नाही. फाटक मागे गेलं, ट्रक अजून समोर होता.