पार्वतीकाकींची गिरकी

सर्वण गावच्या महिला मंडळाच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओतल्या पार्वतीकाकी पाचव्यांदा अडखळल्या, तेव्हा गौरवीने बसायला कदेल, म्हणजे खुर्ची, पुढे ओढलं. आता एक तर हा खोका राहील, नाही तर मी, असं तिने मनाशी ठरवलं.

काकींना जाऊन वर्ष झालं होतं. माहेरी, पेडण्याला, त्या जी फुगडी घालायच्या ती सर्वणात कुणी पाहिलीच नव्हती. भाचीने मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ तेवढा मागे राहिला. चवथीच्या, म्हणजे गणपतीतल्या, फुगडी स्पर्धेत लाटंबार्से गावाने सलग चार वर्षं सर्वणला धूळ चारलेली. यंदा हीच फुगडी घालायची आणि जिंकायचंच, असा काकींच्या सुनेने, कमलाक्षीने, विडा उचलला होता.

पण व्हिडिओ धड चालेल तर ना! गाणं पुढे, चित्र मागे. गिरकीला सगळ्या साड्या एकदम फिरायच्या आणि मशीनच्या तोंडाला फेस यायचा, चित्र थिजायचं.

गौरवी डिचोलीच्या एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायची. मंडळाच्या मशीनवरची लिनक्स प्रणाली तिच्या हातचा मळ. रोज संध्याकाळी येऊन तिने प्लेअर बदलले, अपडेट केलं, पंख्यातली धूळसुद्धा झाडली. प्रोसेसर आपला शंभर टक्क्यांवर. पाठीमागे तालीम चालू असायची. मधूनच कुणीतरी तिच्या खांद्यावरून डोकावून पाऊल बघून जायची. गौरवीला मान वळवायलाही सवड नव्हती.

आठव्या दिवशी चोर सापडला. पडदा काळा पडतो म्हणून कुणा शहाण्याने कधीकाळी मशीन सुरू होतानाच्या ओळीत एक शब्द घालून ठेवला होता. त्या शब्दाने ग्राफिक्स ड्रायव्हरला दारातच अडवलेलं, आणि चित्राचं सगळं ओझं बिचाऱ्या प्रोसेसरवर. गौरवीने शब्द काढला, मशीन पुन्हा सुरू केलं. प्रोसेसर बारा टक्क्यांवर! तिला स्वतःलाच एक फुगडी घालावीशी वाटली.

पण स्पर्धा उद्यावर आलेली. बायकांनी सुरुवातीचं मिनिटभर बघितलं, तिची पाठ थोपटली आणि साड्या जुळवायला पळाल्या.

"आता फुगडी पायात बसली गो बाय," कमलाक्षी जाता जाता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सर्वणचा पहिला नंबर आला. परीक्षक हर्षाताई निकाल सांगायला उभ्या राहिल्या. चाळीस वर्षं फुगड्या बघतेय, म्हणाल्या, पण गाणं चालू असताना गिरकीआधी पाय उचलून साऱ्याजणी जागच्या जागी थांबतात, हे कुठे पाहिलं नाही.

"हा थांबा म्हणजे सोनं आहे. कुणी शिकवला?"

लाटंबार्सेच्या बायकासुद्धा टाळ्या वाजवत होत्या. कमलाक्षीचे डोळे भरून आले.

"माझ्या सासूबाईंचा तो. चला, दाखवते."

सगळी वरात मंडळात आली. गौरवीने ऐटीत व्हिडिओ लावला. कुठे अडखळणं नाही, काही नाही. गिरकी जवळ आली तशा हर्षाताई पुढे वाकल्या. काकींनी पाय उचलला आणि क्षणभरही न थांबता गर्रकन फिरल्या.