गोलकीपरची आई

मुलींच्या फुटबॉल विश्वचषकामुळे महिनाभर आमच्या बिल्डिंगसमोरचा रस्ता बंद होता. "भाजीवालासुद्धा येईना झालाय," म्हणत सासूबाई समोरच्या स्टेडियमला रोज शिव्या घालत.

उपांत्य सामन्याच्या संध्याकाळी त्या घरी आल्या त्या एका परदेशी बाईचा हात धरूनच. "आपल्या गेटपाशी कान झाकून बसली होती. विचार गं, काय झालंय."

मी इंग्रजीत विचारलं. तिची मुलगी गोलकीपर होती. सामना बरोबरीत सुटून पेनल्टी सुरू व्हायच्या होत्या. ते बघवणार नाही म्हणून ती स्टेडियममधून पळून आली होती.

सासूबाईंनी तिला पाणी दिलं, टीव्ही लावला आणि तिला पाठमोरं बसवलं. "तू बघू नकोस. मी बघते."

खिडकीतून आरोळी आधी यायची, टीव्हीवर चेंडू नंतर दिसायचा. तेवढा वेळ ती श्वास रोखून धरायची. "अडवला!" सासूबाई दोनदा ओरडल्या. ते तिला मी इंग्रजीत न सांगताच कळलं.

शेवटच्या आरोळीनंतर मात्र त्या गप्प झाल्या. चेंडू जाळ्यात गेला होता. बाईनं तोंड ओंजळीत लपवलं.

सासूबाईंनी खांदे धरून तिला वळवलं. "आता बघ. हरली म्हणून काय झालं? पोरगी बघ केवढ्या मनाची!"

पडद्यावर तिची लेक रडत रडतच, पेनल्टी चुकलेल्या मैत्रिणीला जमिनीवरून उठवत होती.

बाई टीव्हीजवळ गेली. पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "माय डॉटर."

तेवढं इंग्रजी सासूबाईंना येत होतं.