म्हसधोंड्याची नोंद

नंदगडच्या वाटेवर, आमच्या माळात, बसलेल्या म्हशीसारखा दिसणारा घराएवढा धोंडा आहे. खुरपणीच्या आम्ही बायका त्याच्याच सावलीला भाकरी खातो. एका बिल्डरनं माळ विकत घेतला आणि म्हसधोंडा फोडून रिसॉर्ट बांधायचं ठरवलं, तेव्हा तो वाचवा म्हणून आम्ही अर्ज घेऊन कचेरीत गेलो.

क्लार्कनं उतारा बघितला. "आक्का, हितं सपाट जमीन लिवलंय. धोंडाच न्हाय, तर वाचवू काय?"

महिन्याभरानं बिल्डर सुरुंगाची परवानगी मागायला गेला. क्लार्कनं तोच उतारा त्याच्यापुढं धरला. "शेट, धोंडाच न्हाय, तर फोडणार काय?"

मग धोंड्याची नोंद करून घ्यायला बिल्डरनं सर्वेअरला थेट माळावर आणलं. पंचनाम्याला गावातली साक्ष लागते, म्हणून सर्वेअरनं आम्हालाच विचारलं, "हा धोंडा इथं कधीपासून आहे?"

ऊन मी म्हणत होतं. आमच्यातल्या अंबुबाईनं भाकरीचा घास गिळला, धोंड्याला नीट पाठ टेकली आणि म्हणाली,

"कसला धोंडा वं, सायेब?"