गिरणीचा सा
पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याजवळ गळ्यात टॉवेल टाकून जाऊ नको, असं म्हाळसाबाईंनी बिभीषणला शंभरदा बजावलं होतं. पण लेक ऐकेल तर शपथ. वर बायकोच्या बाजाच्या पेटीला हसायचा. “तुझ्या सुरानं अख्ख्या टेंभुर्णीची कुत्री पळाली,” म्हणायचा. त्या दिवशी तो आत दळत होता आणि सोप्यात सुकन्या गिरणीच्या आवाजाशी सा जुळवत बसली होती. “सा जागचा हलत न्हाय, आत्याबाई. बाकीचे सूर त्याच्यावरनं धरायचे,” सासूला सांगता सांगता तिची बोटं थबकली. “गिरणीचा सा उतरला की!” पेटीचा सा तिथंच होता, गिरणीचा खाली खाली चालला होता. आतून हाक नाही, ओरड नाही. म्हाळसाबाईंनी झेपावून मेनस्विच पाडला. पट्ट्यात टॉवेल गुंडाळला होता आणि दुसऱ्या टोकाला बिभीषण. त्याचा श्वास परतल्यावर त्या म्हणाल्या, “उद्यापासनं गिरणी सुकन्या चालवंल. तिला कान हाय. तुला नुसती मान हाय, ती बी तिनंच राखली.”