माळावरची अळंबी

“ताई, चल की. टोपली मी धरतो, तू नुसतं बोट दाखव,” सलूनवाला भाऊ म्हणाला.

बहीण दारातच उभी. वर्षभर तिनं रानभाजीला हात लावला नव्हता. तिच्या हातची अळंबी खाऊन तिचा नवरा गेला, आणि एकेकाळी तिच्या भाजीची वाट बघणारी गल्ली आता तिला बघून ताटं झाकायला लागली होती.

त्या दिवशी माळावर भाऊबहीण दोघंही गेली होती. टोपली एकच. ताईनं अंगातल्या तापातच फोडणी दिली आणि आडवी झाली; दाजी एकटेच जेवले. “चूक माझी,” एवढंच ती पुढं म्हणाली. गल्लीला तेवढं पुरलं.

भावाला हे बघवत नव्हतं. तिनं निवडलेली अळंबी आज ओट्यावर बसून, सगळ्यांदेखत खायची, असा त्याचा बेत होता.

“मेलात तर दुकान कोण बघणार?” बायकोनं विचारलं होतं.

“तूच बघ. तुझी जीभ चालली की गिऱ्हाइकाची दाढी आपोआप गळेल.”

माळ घराच्या मागंच. शेवटी ताई आली आणि वाकली. घोळीच्या भाजीचा देठ मोडून बघितला, विषारी पाल्यासारखं दूध येत नाही अशी खात्री केली आणि जुडी टोपलीत टाकली. तिचे हात पूर्वीसारखे भराभर चालू लागले. भावाचा जीव भांड्यात पडला.

“चूक कोणाच्याही हातून होते, ताई. मी तुला कधी बोल लावला का?”

“नाही रे. तू कशाला लावशील.”

झुडपामागं पांढऱ्या छत्र्या दिसल्या. भावानं खिशातला वस्तरा काढला आणि मातीलगत सपासप कापून ओंजळ भरली.

“बघ, मातीचा कण नाही. तुझं आपलं सदा उकरत बसणं.”

ताईनं त्याची ओंजळ खाली रिकामी केली. मग मातीत बोटं खुपसून एक बूड उपटलं. त्याच्याभोवती पांढरी वाटी होती.

“ही वाटी असली की विष. वरून दिसत नाही, म्हणून मी मुळापासून उपटते.”

“मग हे मला आधी नाही का सांगायचं?”

ताई हाताची माती झटकत राहिली.

“हे गेल्यावर मी इथं येऊन सगळं उकरून बघितलं होतं,” ती म्हणाली. “वाटीवाली बुडं जमिनीतच होती. वस्तऱ्यानं कापलेली.”